दुभाषा संत : संत गोन्सालो गार्सिया

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना लागणाऱ्या वळसंग परिसरात मराठी आणि कानडी या दोन भाषा शेजारी शेजारी नांदतात. दोन्ही भाषा जाणणारा माणूस दोन घरांमधला दरवाजा कसा उघडतो, हे येथील भाविकांना वेगळे सांगावयास नको. भारतात जन्मलेले पहिले संत, वसईचे सुपुत्र गोन्सालो गार्सिया हे असेच दरवाजा उघडणारे प्रेषित होते.

त्यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसई येथे झाला. वडील पोर्तुगीज, तर आई वसईचीच. येशूसंघीय धर्मगुरूंच्या सान्निध्यात त्यांचे शिक्षण झाले आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते त्यांच्यासोबत जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनापासूनची इच्छा होती, परंतु ती पूर्ण झाली नाही. नाइलाजाने त्यांनी व्यापाराचा मार्ग धरला. त्यात यशही लाभले, पण अंतःकरण तृप्त झाले नाही. अखेर फिलिपिन्समधील मनिला येथे त्यांनी फ्रान्सिस्कन संघात साध्या बंधूचे व्रत घेतले. धर्मगुरुपदाची दीक्षा त्यांना कधीच मिळाली नाही.

१५९३ साली मनिलाच्या गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना राजदूत म्हणून जपानचे सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी यांच्याकडे पाठविले. सोबतच्या बंधूंमध्ये जपानी भाषा उत्तम जाणणारे गोन्सालो दुभाषे म्हणून होते. हिदेयोशींनी १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. तरीही या राजदूतांना क्योतो येथे राहण्याची परवानगी मिळाली. तेथे चर्च उभे राहिले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये सुरू झाली. ज्यांना समाजाने दूर लोटले होते, त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलणारा बंधू त्यांच्यामध्ये वावरत होता.

हे मिशन चार वर्षेही टिकले नाही. १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर अडकले आणि हिदेयोशींचा संशय बळावला. डिसेंबरमध्ये बंधूंना अटक झाली. जानेवारी १५९७ मध्ये त्यांच्या डाव्या कानाचा भाग छाटून त्यांची धिंड काढण्यात आली आणि कडाक्याच्या थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक होते. गोन्सालो त्या वेळी अवघ्या चाळिशीचे होते. १६२७ साली त्यांना धन्य म्हणून घोषित करण्यात आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. ६ फेब्रुवारीला जागतिक ख्रिस्तसभा या हुतात्म्यांचे स्मरण करते.

आज आपल्या धर्मग्रामांतील तरुण-तरुणी, धर्मभगिनी आणि धर्मगुरू अल्पकाळासाठी परप्रांतात वा परदेशात सेवेला जातात. परत आल्यावर किती गावे पाहिली, किती मदत वाटली, याचा हिशेब मांडला जातो. गोन्सालो यांचे जीवन आपल्याला निराळा हिशेब शिकवते. त्यांच्या अखेरच्या मिशनचा काळ थोडा होता, परंतु त्यामागे तरुणपणी परक्या लोकांत राहून, त्यांचे शब्द धीराने शिकून केलेली दीर्घ तयारी होती. ज्यांना हव्या त्या संघाने स्वीकारले नाही, त्यांची तीच तयारी प्रभूने योग्य वेळी उपयोगात आणली.

म्हणून सेवेला निघणाऱ्याने प्रथम ऐकावयास शिकावे. त्यासाठी समुद्र ओलांडावाच लागतो असेही नाही. शेजाऱ्याची भाषा प्रेमाने शिकणे, हीदेखील सुवार्तेची सुरुवात आहे. संत गोन्सालो गार्सिया यांच्या मध्यस्थीने ही कृपा आपणां सर्वांना लाभो.