उसन्या पाच पौंडांतून जन्मलेला मेकॅनो

जळगावहून धुळ्याकडे निघालं की पाळधीनंतर एरंडोल लागतं. पांडववाड्याचं गाव. पूर्वीचा सहा नंबरचा आणि आताचा ५३ नंबरचा हायवे इथूनच जातो, त्यामुळे ट्रक, टँकर आणि एसटी बघतच इथली पोरं मोठी होतात. वाढदिवसाला मेकॅनिक्सचा डबा मिळाला की क्रेन, पूल वगैरे नंतर, आधी गाडीच बनते. भोकांच्या पट्ट्या, चार चाकं, दोन दांडे, मूठभर नट-बोल्ट आणि एक छोटा पाना. एवढ्या सामानात काम होतं.

ही भोकांची पट्टी ज्याच्या डोक्यातून आली तो माणूस इंजिनिअर नव्हता. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात, मांस आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे तो हिशेब लिहायचा. त्याचं नाव फ्रँक हॉर्नबी.

हॉर्नबीचा जन्म १५ मे १८६३ चा. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो वडिलांच्या किराणा व्यापारात रोखपाल म्हणून बसला. १८९९ मध्ये वडील गेले, धंदा बंद पडला. मग डेव्हिड एलियट या व्यापाऱ्याकडे नोकरी धरली. दिवसभर खतावण्या आणि रात्री घरी पत्रा कापायचा, असा क्रम सुरू झाला. रोलंड आणि डग्लस या दोन मुलांसाठी तो छोटे पूल, ट्रक, क्रेन बनवत असे.

अडचण अशी होती की प्रत्येक खेळण्याला वेगळे भाग लागायचे. क्रेनचा भाग ट्रकला चालत नव्हता. मुलांचा कंटाळा झाला की सगळी मेहनत अडगळीत! यावर त्याने काढलेला तोडगा इतका साधा आहे की आधी कुणाला का सुचला नाही असं वाटावं. अर्धा इंच रुंदीची पट्टी घ्यायची आणि तिला दर अर्ध्या इंचावर भोक पाडायचं. अंतर सगळीकडे तेच, म्हणून कुठलीही पट्टी कुठेही बसते. भोक बोल्टलाही चालतं आणि चाकाच्या दांड्यालाही. आजची क्रेन खोलली की उद्या त्याच सामानाची गाडी.

पेटंटसाठी मात्र पैसे नव्हते. जानेवारी १९०१ मध्ये त्याने मालकाकडून, म्हणजे एलियटकडूनच, पाच पौंड उसने घेतले. कंपन्यांनी दाद दिली नाही. शेवटी एलियटनेच ऑफिसशेजारची रिकामी जागा दिली आणि मालक-नोकर भागीदार झाले. १९०२ मध्ये संच बाजारात आला. त्यात १६ प्रकारचे भाग होते. लिव्हरपूलमधले इंजिनिअरिंगचे प्राध्यापक हेल-शॉ यांनी त्याची शिफारस केली. मोटारींसाठीचा हेल-शॉ क्लच पुढे ज्यांच्या नावाने ओळखला गेला, तेच हे.

तरी १९०३ पर्यंत दीड हजारांवर संच विकूनही नफा शून्य. पहिला किरकोळ नफा दिसला तो १९०६ मध्ये. चार वर्षं घरातला कर्ता माणूस खेळण्यापायी पैसा अडकवून बसतो, तेव्हा आजूबाजूचे काय म्हणत असतील याचा अंदाज एरंडोलच्या कुठल्याही दुकानदाराला येईल. त्यातच १९०७ मध्ये हॉर्नबीने नोकरी सोडली. वय ४४. मेकॅनो हे नाव त्याच वर्षी नोंदवलं. पुढच्या मेमध्ये मेकॅनो लिमिटेड कंपनी उभी राहिली, पण एलियट तिच्यात आला नाही. पाच पौंड देणारा माणूस खरी कमाई सुरू व्हायच्या आधीच बाजूला झाला.

त्यानंतर वेळ लागला नाही. १९१४ मध्ये बिन्स रोडचा मोठा कारखाना, १९१६ मध्ये मेकॅनोचं मासिक, १९२० मध्ये हॉर्नबीच्या आगगाड्या. मोठ्या संचांतून तर मोटारीची पूर्ण चॅसी बनवता यायची. गिअरबॉक्स, स्टीअरिंग आणि डिफरेन्शियलसुद्धा! वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी ही दातेरी चाकांची जुळणी. पुस्तकात समजायला अवघड, पण हाताने फिरवून बघितली की डोक्यात बसते.

साधी गाडी करतानाही एक गोष्ट कळतेच. जिथे भाग हलायला हवा तिथला नट पूर्ण आवळला तर स्टीअरिंग जाम होतं आणि ढिला सोडला तर बोल्ट गळून पडतो. अशा जागी दोन नट एकमेकांवर घट्ट करायचे आणि भागाला थोडी मोकळीक ठेवायची. हायवेवरच्या गॅरेजमधला मिस्त्रीही हेच करतो.

गंमत म्हणजे, शेवटच्या काळात याच कंपनीने जोडायची गरजच नसलेल्या गाड्या काढल्या. आगगाडीच्या मांडणीत शोभेसाठी ओतीव धातूच्या छोट्या मोटारी आल्या आणि १९३४ मध्ये त्यांना डिंकी टॉइज हे नाव मिळालं. नट नाही, बोल्ट नाही. डब्यातून काढा आणि पळवा. त्याही तुफान खपल्या.

हॉर्नबी १९३१ ते १९३५ या काळात एव्हर्टनचा खासदार होता. २१ सप्टेंबर १९३६ रोजी तो वारला. बिन्स रोडचा कारखाना त्यानंतर ४३ वर्षं चालला आणि १९७९ मध्ये बंद पडला.