भारत कधीच न पाहिलेल्या देबुसीने भारताचं चांदणं पियानोवर कसं आणलं?

डिसेंबर १९११. पंचम जॉर्ज मुंबईत उतरला (त्याचीच आठवण म्हणजे गेटवे ऑफ इंडिया) आणि दिल्ली दरबाराला गेला. रेने प्यूओ हा फ्रेंच पत्रकार त्या दरबाराबद्दल पॅरिसच्या ‘ल तां’ दैनिकात पत्रं लिहीत होता. त्यात एका गच्चीचा उल्लेख आला, चांदण्यात दरबार भरवायची गच्ची. क्लोद देबुसीला तेवढं पुरलं.

देबुसी १८६२ साली पॅरिसजवळ जन्मला. वडिलांचं चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान चाललं नाही. पोरगा मात्र दहाव्या वर्षी पॅरिसच्या संगीत विद्यालयात पोहोचला. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने जावा बेटावरचा गॅमेलन वाद्यवृंद ऐकला आणि पूर्वेकडचे सूर त्याच्या डोक्यातून कधी गेलेच नाहीत.

गच्चीवरची ही रचना १९१३ मध्ये त्याच्या प्रील्यूड्सच्या दुसऱ्या पुस्तकात छापली गेली. जेमतेम चार-पाच मिनिटांची. सूर वरून हळूहळू खाली उतरतात. चांदण्यात बीबी का मकबरा पाहिला असेल, तर ती शांतता ओळखीची वाटेल. गंमत म्हणजे शीर्षक शेवटी छापलंय, कंसात. आधी ऐका, मग नाव वाचा! लोक त्याला इम्प्रेशनिस्ट म्हणत. त्याला तो शिक्का आवडत नसे.

तेव्हा कर्करोग त्याला पोखरत होता, डोक्यावर कर्जही होतं. २५ मार्च १९१८ रोजी तो गेला, तेव्हा पॅरिसवर जर्मन तोफगोळे पडत होते. पुढच्याच वर्षी त्याची तेरा वर्षांची लेक शूशू घटसर्पाने दगावली.