विश्लेषण : शाहू महाराजांचे राधानगरी आणि वीज कंपनीच्या शेअरचे मोल

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या मोबाइलवर दोन आकडे सतत फिरत असतात. पहिला, राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेच्या पातळीचा : ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. दुसरा, राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाजांचा : सातपैकी किती उघडले? आता त्याच मोबाइलवर तिसरा आकडाही पाहिला जातो, तो म्हणजे शेअरच्या भावाचा. वीज कंपन्यांचे शेअर अनेक घरांत आले आहेत. भाव चढला की शेअर महाग आणि पडला की स्वस्त, असा सोपा हिशेब त्यात केला जातो.

पण धरण, वीजकेंद्र, वीजवाहिन्या ही पन्नास-शंभर वर्षे चालणारी मालमत्ता. तिचे मोल एका वर्षाच्या आकड्यावरून ठरवता येते का? राधानगरी धरण ज्यांनी उभे करायला घेतले, त्या राजर्षी शाहू महाराजांचे चरित्र या प्रश्नाच्या उत्तरासाठी उपयोगी पडते. त्यांच्या हयातीत हे धरण पूर्ण झाले नाही. १९२२ मध्ये कुणी त्याचा ताळेबंद मांडला असता, तर तो खर्च पाण्यात गेला असाच निष्कर्ष निघाला असता.

कारकिर्दीची सुरुवात कशी झाली?

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव हे त्यांचे मूळ नाव. वडील जयसिंगराव आबासाहेब, आई राधाबाई. आईचे छत्र अगदी लहानपणीच हरपले. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या राणी आनंदीबाई यांनी त्यांना दत्तक घेतले आणि ते करवीरच्या गादीचे वारस झाले. राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि नंतर धारवाडला स्टुअर्ट फ्रेजर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा त्यांना विसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

दोनच वर्षांत, १८९६-९७ मध्ये, दुष्काळ आला. पाठोपाठ प्लेग आणि १८९९-१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ. स्वस्त धान्याची दुकाने, शेतकऱ्यांना तगाई, रस्ते आणि तलावांची रोजगार देणारी कामे, निराधारांसाठी आश्रम असे उपाय संस्थानाने केले. शेतसारा हेच खजिन्याचे मुख्य उत्पन्न आणि ते पावसावर अवलंबून. चांगल्या वर्षी खजिना भरलेला दिसे आणि वाईट वर्षी तोच रिता होई. संस्थानाची खरी ऐपत यांतल्या कोणत्याही एका वर्षावरून कळणारी नव्हती.

एका हंगामापलीकडचे हिशेब

महाराजांचे पुढचे बरेचसे निर्णय या अनुभवाशी जुळणारे आहेत. १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली गेली आणि गुळाच्या बाजारामुळे ती नावारूपाला आली. १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे सुरू झाली. २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. त्या वेळी महाराज सातव्या एडवर्ड यांच्या राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडमध्ये होते. १९०६ मध्ये शाहू मिलची स्थापना झाली. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले.

यांपैकी एकाही कामाचा परतावा त्याच वर्षी मिळणारा नव्हता. वसतिगृहातला मुलगा शिकून नोकरीला लागेपर्यंत दहा-बारा वर्षे जायची. तोवर वहीत फक्त खर्चच दिसणार. पाण्याबाबतही हाच विचार झाला. १९०२ मध्ये संस्थानाचे पाटबंधारे धोरण ठरले आणि विहिरी-तलावांच्या पाहणीला सुरुवात झाली. त्याच धोरणाची पुढची आणि सर्वांत मोठी पायरी म्हणजे भोगावती नदीवरील धरण.

राधानगरीचा घाट कशासाठी?

दाजीपूरच्या जंगलपट्ट्यात पाऊस धो धो कोसळतो, पण ते पाणी पावसाळ्यातच वाहून जाते. पूर्वेकडच्या शेतांना उन्हाळ्यात पाणी मिळत नसे. फेजिवडे गावाजवळ भोगावती अडवून हे पाणी वर्षभर वापरायचे, त्यावर वीजही निर्माण करायची, अशी ही योजना होती. १९०७ मध्ये ती आखली गेली आणि १९०९ मध्ये प्रत्यक्ष बांधकाम सुरू झाले. जलाशयाला महाराणींच्या नावावरून लक्ष्मी तलाव, तर वसाहतीला कन्या राधाबाईंच्या नावावरून राधानगरी असे नाव देण्यात आले.

एका मध्यम आकाराच्या संस्थानासाठी हे धाडस मोठे होते. धरणाचे काम सुरू असताना शिक्षण, वसतिगृहे आणि गिरणी यांचा खर्चही त्याच खजिन्यातून भागवायचा होता.

त्याच वेळी लोणावळ्यात काय चालले होते?

त्याच सुमारास सह्याद्रीत पाण्यावर वीज निर्माण करण्याचा दुसरा प्रयोग सुरू होता. जमशेटजी टाटा यांच्या कल्पनेतून १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. लोणावळा परिसरात पाणी साठवायचे, ते घाटाखाली खोपोलीला सोडायचे आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवायची, अशी ही योजना. खोपोलीची वीज १९१५ मध्ये सुरू झाली. आजच्या टाटा पॉवरची मुळे या कंपनीत आहेत.

दोन्हीकडे सह्याद्रीचाच पाऊस, पण पैशाची रचना वेगळी. लोणावळ्याच्या प्रकल्पात भागधारक होते, राधानगरीमागे फक्त संस्थानाचा खजिना. शेअर असले की त्याला भाव असतो आणि भाव असला की तो योग्य आहे का, हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर शोधण्याचे एक साधन म्हणजे किंमत आणि पुस्तकी मूल्य यांचे गुणोत्तर.

प्राइस टू बुक म्हणजे काय?

कंपनीच्या एकूण मालमत्तेतून सगळी देणी वजा केली की उरते ते भागधारकांचे पुस्तकी मूल्य. त्याला शेअरच्या संख्येने भागले की प्रतिशेअर पुस्तकी मूल्य मिळते. शेअरचा भाव या आकड्याच्या किती पट आहे, ते प्राइस टू बुक सांगते.

वीज कंपन्यांसाठी हा आकडा विशेष महत्त्वाचा आहे. त्यांतील बऱ्याच प्रकल्पांचे वीजदर नियामक आयोग ठरवतो आणि दर ठरवताना गुंतवलेल्या भागभांडवलावर ठरावीक परतावा धरतो. केंद्रीय आयोगाच्या अलीकडच्या नियमांत हा परतावा साधारण १५ ते १७ टक्क्यांच्या घरात आहे. म्हणजे अशा प्रकल्पात भांडवल किती गुंतले, यावरच कमाई बरीचशी ठरते. नफा मात्र एखाद्या वर्षी कमी पाऊस, महाग कोळसा किंवा दराचा वाद यामुळे झपाट्याने हलतो. त्यामुळे केवळ नफ्यावर आधारलेले गुणोत्तर फसवू शकते.

मग त्यात चक्र कुठून आले?

पुस्तकी मूल्यही एखाद्या वर्षी उडी मारते किंवा कोसळते. नवे शेअर काढले, जुन्या जमिनीचे पुनर्मूल्यांकन केले, बुडीत प्रकल्प वहीतून काढून टाकला, की आकडा बदलतो. म्हणून काही विश्लेषक एका वर्षाऐवजी दहा वर्षांची सरासरी घेतात. नफ्याची अशी अनेक वर्षांची सरासरी घेण्याचा सल्ला बेंजामिन ग्रॅहॅम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ मध्येच दिला होता. रॉबर्ट शिलर यांनी दहा वर्षांच्या सरासरीत महागाईचा हिशेब मिसळून ही पद्धत जगभर पोहोचवली. तीच रीत पुस्तकी मूल्याला लावली की चक्र-समायोजित, म्हणजे सायक्लिकली अॅडजस्टेड, प्राइस टू बुक मिळते.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. शेअरचा भाव १८० रुपये आहे. यंदा कंपनीने तोट्यातला प्रकल्प वहीतून काढला, त्यामुळे पुस्तकी मूल्य ९० रुपयांवर आले. साधे गुणोत्तर २ येते आणि शेअर महाग वाटतो. पण दहा वर्षांची महागाई-समायोजित सरासरी १२० रुपये असेल, तर गुणोत्तर १.५ भरते. याउलट पुनर्मूल्यांकनामुळे यंदाचे पुस्तकी मूल्य १५० झाले असते, तर साधे गुणोत्तर १.२ येऊन शेअर उगाच स्वस्त भासला असता.

महागाईची जोड का? वर्षाला ५ टक्के महागाई धरली, तर दहा वर्षांपूर्वीचे ६० रुपये आजच्या हिशेबाने सुमारे ९८ रुपये होतात. जुने आकडे तसेच ठेवले तर सरासरी खोटी ठरते. गुळाचा व्यापारी एका हंगामाच्या दरावर दुकानाची किंमत करत नाही. दहा हंगाम पाहतो, तेही आजच्या पैशात. तत्त्व तेच आहे.

१९१८ : काम थांबले

राधानगरीत मात्र या गुणोत्तरालाही न दिसणारी अडचण आली. १९१८ पर्यंत धरणाची भिंत सुमारे ४० फुटांपर्यंत चढली. तोवर पहिल्या महायुद्धाची वर्षे उलटली होती, महागाई वाढली होती आणि पैसा अपुरा पडू लागला. काम थांबवावे लागले.

महाराजांची शेवटची वर्षे सामाजिक कामात गेली. १९१८ मध्ये महार वतनाची जोखडे मोडणारे निर्णय झाले. मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाला उघड पाठिंबा दिला. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय होते ४७. तेव्हा भोगावतीवरची भिंत अर्धवट उभी होती.

कंपनीच्या ताळेबंदात अशा मालमत्तेला चालू भांडवली काम म्हणतात. ती पुस्तकी मूल्यात मोजली जाते, पण कमावत नाही. दहा वर्षांची सरासरी घेतली तरी ती सरासरीत तशीच बसते. काम रखडले तर पुस्तकी मूल्य मोठे आणि कमाई शून्य. शेअर कागदावर वर्षानुवर्षे स्वस्त दिसत राहतो आणि गुंतवणूकदार अडकतो.

धरण पूर्ण झाले तेव्हा

महाराजांनंतर राजाराम महाराज गादीवर आले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राधानगरी धरण १९५७ मध्ये पूर्ण झाले. पायाभरणीपासून जवळपास अर्धशतक आणि महाराजांच्या निधनानंतर ३५ वर्षे लोटली होती. आज धरणाची साठवण क्षमता ८.३६ टीएमसी आहे. धरणाच्या पायथ्याशी वीज तयार होते आणि त्याच्या पाण्यावर भोगावती-पंचगंगेच्या काठी ऊस उभा आहे.

आता चूक उलट दिशेने होऊ शकते. १९०९ ते १९१८ मध्ये झालेला खर्च त्या काळच्या रुपयांत नोंदलेला. त्यातून वर्षानुवर्षे घसारा वजा केला तर वहीत जवळपास काहीच उरत नाही. पाणी मात्र दरवर्षी येतेच. म्हणजे रखडलेल्या धरणाचे मोल वही फुगवून सांगते आणि चाललेल्या जुन्या धरणाचे मोल आटवून सांगते. दहा वर्षांची सरासरी एखाद्या वर्षाचा चढ-उतार गुळगुळीत करते. हे दोन दोष ती दूर करत नाही.

गुंतवणूकदाराने काय पाहावे?

पहिले, आजचे गुणोत्तर त्याच कंपनीच्या मागील दहा वर्षांच्या गुणोत्तराशी ताडावे. बँक किंवा सॉफ्टवेअर कंपनीशी तुलना निरुपयोगी आहे. दुसरे, पुस्तकी मूल्यात चालू भांडवली कामाचा वाटा किती आणि ती कामे किती वर्षे रेंगाळली, हे वार्षिक अहवालात तपासावे. तिसरे, झपाट्याने वाढणाऱ्या कंपनीची सरासरी नेहमी मागे राहते, त्यामुळे तिचे समायोजित गुणोत्तर विनाकारण चढे दिसते. चौथे, बोनस आणि शेअर विभाजनाचा हिशेब जुन्या आकड्यांतही धरावा. पाचवे, कर्ज पाहावे. काम रखडले तरी व्याज थांबत नाही.

शाहू महाराजांच्या धरणाला थांबता आले, कारण मागे गादी होती आणि नंतर सरकार आले. शेअर बाजारातील कंपनीला ३९ वर्षे वाट पाहणारा भागधारक मिळत नाही. म्हणून दीर्घकाळाची सरासरी पाहताना, तेवढा काळ कंपनी टिकेल का आणि आपण थांबू शकू का, हे आधी विचारावे लागते. १९२२ च्या आकड्यावर राधानगरीला निकालात काढणे चूक ठरले असते. पण प्रत्येक अर्धवट भिंत पुढे राधानगरी होते, असे समजणेही तितकेच महागात पडू शकते.