ठेकेदार, शिकारी आणि एकोणसत्तराव्या वर्षी लेखक : कोण होते जिम कॉर्बेट?

नरभक्षक वाघांच्या गोष्टी म्हटलं की मराठी वाचकालाही आधी जिम कॉर्बेट आठवतात. पण त्यांचं नाव जगभर नेणारं ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ १९४४ साली आलं, तेव्हा कॉर्बेट ६९ वर्षांचे होते. मग तोवरचं आयुष्य गेलं कशात?

जन्म २५ जुलै १८७५चा, नैनितालचा. वडील तिथले पोस्टमास्तर. ते लवकर वारले, घर मोठं होतं. त्यामुळे पुढचं शिक्षण राहिलं आणि कॉर्बेट तरुणपणीच रेल्वेत लागले. पुढे बिहारमधल्या मोकामा घाटावर त्यांनी माल चढवण्या-उतरवण्याचा ठेका घेतला आणि वीसेक वर्षं तिथेच काढली. गंगेच्या दोन बाजूंना रुळांची रुंदी वेगळी, त्यामुळे सगळा माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. साहेब असूनही सुरुवातीला कॉर्बेट मजुरांबरोबर स्वतः ओझी वाहत. मजुरांच्या मुलांसाठी त्यांनी शाळाही काढली.

नरभक्षक मारणं हा त्यांचा धंदा कधीच नव्हता. १९०७ मध्ये त्यांनी चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते. जाण्याआधी त्यांची अट असे : सरकारने बक्षीस मागे घ्यायचं आणि इतर शिकाऱ्यांना परत बोलवायचं. रुद्रप्रयागचा बिबट्या केदारनाथ-बद्रीनाथच्या वाटेवर आठ वर्षं माणसं मारत होता. अंधार पडल्यावर दार उघडायची लोकांची हिंमत होत नसे. तो १९२६ मध्ये कॉर्बेट यांच्या गोळीने संपला.

या अनुभवांवर त्यांनी १९३५ मध्ये एक लहानसं पुस्तक स्वखर्चाने छापलं. प्रती फक्त १००, त्याही मित्रमंडळींसाठी. गोष्ट तिथेच संपली असती. पण १९४२ मध्ये गोचिडीच्या टायफस तापाने त्यांना गाठलं. शरीर पार खंगलं, पुन्हा चालता येईल की नाही अशी शंका होती. जंगल पायाखाली घालणारा माणूस अंथरुणाला खिळला आणि त्यातून सावरताना लिहायला बसला.

हस्तलिखित गेलं ते मुंबईला, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या कचेरीत. तिथले प्रमुख आर. ई. हॉकिन्स यांनी त्याचं मोल ओळखलं. पुस्तक आधी मुंबईत निघालं, लंडन-न्यूयॉर्कला नंतर. पहिल्या आवृत्तीचं मानधन कॉर्बेट यांनी युद्धात दृष्टी गेलेल्या भारतीय सैनिकांच्या संस्थेला दिलं. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या बुक क्लबने ते निवडलं आणि खप लाखांवर गेला.

१९४७च्या अखेरीस ते बहीण मॅगीसह केनियात न्येरीला गेले. जाताना कालाढुंगीजवळच्या छोटी हल्द्वानीतली जमीन त्यांनी कसणाऱ्या कुळांकडेच ठेवली. सारा मात्र तेच भरत राहिले.

तिथून लिहिलेलं ‘माय इंडिया’ (१९५२) हे आमच्या मते त्यांचं सर्वात चांगलं पुस्तक. त्यात वाघ जवळपास नाहीतच. आहेत ती मोकामा घाटची आणि कुमाऊंची गरीब माणसं. कॉलऱ्याने गेलेला मजुरांचा म्होरक्या चमारी तर विसरता येत नाही. गोऱ्या मालकाची नजर त्यात अधूनमधून डोकावते हे खरं, पण या मजुरांची नावं आज आपल्याला ठाऊक आहेत ती याच पुस्तकामुळे.

१९ एप्रिल १९५५ रोजी न्येरीतच त्यांचं निधन झालं. ‘ट्री टॉप्स’ हे शेवटचं छोटं पुस्तक त्यानंतर छापून आलं.