गुणवत्तेच्या राखणदाराचा चुकलेला अंदाज

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा अमेरिकेपुढे एक निराळाच प्रश्न उभा होता. सुमारे १ कोटी ६० लाख अमेरिकनांनी या युद्धात लष्करी सेवा केली. ते घरी परतल्यावर करणार काय? पहिल्या महायुद्धातून परतलेल्यांची परवड देश विसरला नव्हता. १९३२ मध्ये बोनसच्या मागणीसाठी राजधानी वॉशिंग्टनमध्ये जमलेल्या माजी सैनिकांना हुसकावण्यासाठी लष्करच पाठवावे लागले होते. त्याची पुनरावृत्ती टाळण्यासाठी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी २२ जून १९४४ रोजी एका कायद्यावर स्वाक्षरी केली. ‘जीआय बिल’ या नावाने तो ओळखला जातो. किमान ९० दिवस सेवा करून सन्मानाने मुक्त झालेल्या सैनिकाच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा, अशी त्यात तरतूद होती. या तरतुदीवर नाराज असलेल्यांत अमेरिकेतील सर्वांत प्रतिष्ठित विद्यापीठाचे प्रमुखही होते. हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स ब्रायंट कोनंट हे ते गृहस्थ.

कोनंट यांना सैनिकांविषयी आकस होता किंवा ते धनिकांचे कैवारी होते, असे मात्र म्हणता येणार नाही. २६ मार्च १८९३ रोजी बोस्टनच्या डॉर्चेस्टर भागात त्यांचा जन्म झाला. छपाईसाठी चित्रांचे ठसे तयार करणे हा वडिलांचा व्यवसाय. रॉक्सबरी लॅटिन शाळेत रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी या मुलाची चमक हेरली. १९१० मध्ये हार्वर्डमध्ये दाखल झालेल्या कोनंट यांनी तीन वर्षांत पदवी आणि १९१६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ थिओडोर रिचर्ड्स यांचे ते जावई झाले. जुन्या श्रीमंत घराण्यांच्या हार्वर्डमध्ये हा तरुण वर चढला तो बुद्धीच्या बळावर.

गणवेशही त्यांनी घातला होता. पहिल्या महायुद्धात लष्कराच्या रासायनिक युद्धविभागात मेजरच्या हुद्द्यावर असताना ओहायो राज्यातील विलोबी येथे लुइसाइट या विषारी वायूच्या निर्मितीची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्यांचे युद्ध खंदकात नव्हे, तर प्रयोगशाळेत आणि कारखान्यात झाले. युद्धानंतर ते हार्वर्डला परतले आणि हरितद्रव्य व हिमोग्लोबिन यांवरील संशोधनाने त्यांचा लौकिक वाढला.

१९३३ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी ते हार्वर्डचे अध्यक्ष झाले. त्यांचे पूर्वसुरी लॉरेन्स लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव १९२२ मध्ये आणला होता. ईशान्येकडील मोजक्या खासगी शाळा आणि त्यांतील सधन घरांतील मुले हा हार्वर्डचा मुख्य आधार होता. कोनंट यांना हे बदलायचे होते. हुशार मूल कोणत्याही गावात, कोणत्याही घरात जन्मू शकते, हे त्यांच्या विचाराचे सूत्र. १९३४ पासून मध्य-पश्चिमेकडील राज्यांतील होतकरू मुलांसाठी त्यांनी राष्ट्रीय शिष्यवृत्त्या सुरू केल्या. ही मुले निवडायची कशी, हे शोधण्याचे काम हेन्री चॉन्सी या तरुण सहकाऱ्याकडे आले. त्यातून ‘सॅट’ ही चाचणी हार्वर्डच्या निवडप्रक्रियेत शिरली. शाळेचा दर्जा कसाही असो, मुलाची उपजत क्षमता मोजता येईल, असा कोनंट यांचा विश्वास होता.

दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेच्या युद्धविषयक संशोधनाच्या सूत्रधारांपैकी एक बनले. राष्ट्रीय संरक्षण संशोधन समितीचे अध्यक्षपद १९४१ पासून त्यांच्याकडे होते. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुस्फोटाची चाचणी झाली तेव्हा ते तेथे उपस्थित होते. अणुबॉम्बच्या वापराविषयी सरकारला सल्ला देणाऱ्या समितीतही ते होते.

अशा माणसाला ‘जीआय बिल’ खटकले, त्याचे कारण त्यांच्या मूळ भूमिकेतच होते. लाभ कोणाला मिळावा, हे या कायद्यात सेवेवर ठरत होते, क्षमतेवर नव्हे. उच्च शिक्षणाचा खरा उपयोग ज्यांना होईल आणि ज्यांना होणार नाही, यांत कायदा भेद करीत नाही, ही त्यांची तक्रार होती. युद्धपिढीतील सर्वांत कमी कुवतीचे तरुण सरकारी पैशावर विद्यापीठांत लोटतील, अशी धास्ती त्यांना वाटत होती. काळजीपूर्वक निवडलेल्या मोजक्या सैनिकांनाच ही मदत द्यावी, असे त्यांचे मत होते. शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट हचिन्स यांनीही असाच धोक्याचा इशारा दिला होता.

कायदा मात्र बदलला नाही. वर्षाला ५०० डॉलरपर्यंत शुल्क व पुस्तकांचा खर्च आणि त्याखेरीज अविवाहिताला महिना ५० व कुटुंब असलेल्याला ७५ डॉलर निर्वाहभत्ता. हा भत्ता पुढे वाढवण्यात आला. हार्वर्डचे वार्षिक शुल्क या मर्यादेत बसत होते. त्यामुळे हार्वर्डला अर्ज करण्याचा विचारही ज्यांच्या मनाला शिवला नसता, असे तरुण अर्ज करू लागले. प्रवेशाची अट विद्यापीठाचीच राहिली. पैशाची अडचण तेवढी दूर झाली. विवाहित विद्यार्थ्यांना राहायला जागा पुरेना, तेव्हा डेव्हन्स येथील लष्करी तळावरील इमारती त्यांच्या कुटुंबांसाठी वापराव्या लागल्या.

या लाटेत कोण होते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. नाझी जर्मनीतून कुटुंबासह पळून आलेला एक ज्यू मुलगा न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये अकाउंटिंग शिकत होता. सैन्यात भरती होऊन तो युरोपात गेला आणि परतल्यावर १९४७ मध्ये हार्वर्डमध्ये दाखल झाला. पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले हेन्री किसिंजर ते हेच.

युद्ध संपून एक-दोन वर्षे होतात न होतात तोच कोनंट यांना आपला अंदाज चुकल्याचे दिसून आले. माजी सैनिक वर्गात मागे पडले नाहीत. वाया गेलेली वर्षे भरून काढण्याची त्यांना घाई होती, पदवीचे मोल त्यांना ठाऊक होते. हार्वर्डने आजवर पाहिलेल्या विद्यार्थ्यांत हे सर्वाधिक परिपक्व आणि आश्वासक आहेत, अशी कबुली कोनंट यांनी जाहीरपणे दिली. १९४७ मध्ये देशभरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. या कायद्याच्या आधारे एकूण सुमारे २२ लाख सैनिक महाविद्यालयांत गेले.

योगायोग असा, की याच १९४७ साली प्रवेशपरीक्षा घेणारी ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या विश्वस्त मंडळाचे पहिले प्रमुख कोनंट, तर अध्यक्ष चॉन्सी. याच संस्थेने १९५१ मध्ये सोळा महाविद्यालयांतील दहा हजार विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चाचणीत सारखीच क्षमता दिसलेल्या विद्यार्थ्यांमध्ये माजी सैनिकांना इतरांपेक्षा काहीसे अधिक गुण मिळत असल्याचे त्यात आढळले. फरक मोठा नव्हता. पण चाचणीने न मोजलेले काहीतरी त्या तरुणांपाशी होते, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

संधीची ही दारे सर्वांना सारखी उघडली नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. दक्षिणेकडील राज्यांत अनेक विद्यापीठे कृष्णवर्णीयांना प्रवेशच देत नव्हती. त्यांच्यासाठीच्या महाविद्यालयांत जागा अपुऱ्या होत्या आणि स्थानिक अधिकारीही आडकाठी करीत. गणवेश सारखा असला, तरी त्याचे फळ सारखे मिळाले नाही.

कोनंट यांचे विचार पुढे व्यापक होत गेले. शीतयुद्धाच्या प्रारंभी त्यांनी सक्तीच्या लष्करी सेवेचा पुरस्कार केला आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यातून सूट नसावी, असा आग्रह धरला. १९५३ मध्ये हार्वर्ड सोडून ते पश्चिम जर्मनीत उच्चायुक्त आणि नंतर राजदूत झाले. १९५७ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी उर्वरित शक्ती सरकारी शाळांच्या अभ्यासाला वाहिली. १९६१ मधील आपल्या पुस्तकात त्यांनी शहरांच्या गरीब वस्त्यांतील आणि श्रीमंत उपनगरांतील शाळांमधली दरी दाखवून दिली. उपजत क्षमता शोधत निघालेला हा शिक्षणतज्ज्ञ आता ती क्षमता कोणत्या परिस्थितीत फुलते आणि कोणत्या परिस्थितीत कोमेजते, याचा शोध घेत होता.

११ फेब्रुवारी १९७८ रोजी न्यू हॅम्पशायरमधील हॅनोव्हर येथे त्यांचे निधन झाले. रसायनशास्त्रज्ञ, कुलगुरू, मुत्सद्दी अशा अनेक भूमिका त्यांनी पार पाडल्या. त्यांनी रुजवलेल्या प्रवेशचाचण्या त्यांच्यामागेही टिकून राहिल्या. परंतु निवड करणाऱ्याचीही कधीकधी परीक्षा होते आणि ती घेणारे उमेदवार रांगेत सर्वांत मागे उभे असू शकतात, हा धडा त्यांना मिळाला तो युद्धावरून परतलेल्या त्या तरुणांकडून. तो मोकळेपणाने मान्य करण्याचे मोठेपण त्यांच्यापाशी होते.