वेदनेचे मोल ओळखणारे शल्यवैद्य : डॉ. पॉल ब्रँड



एखाद्या खेळाडूच्या गुडघ्यातील लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना एकत्र बांधून ठेवणारा बंध, तुटला तर दिल्लीच्या मोठ्या रुग्णालयांतील शल्यवैद्य त्याच्याच मांडीतून स्नायूची कंडरा काढून घेतात व तिचा नवा बंध गुडघ्यात बसवितात. शरीराच्या एका भागातील दोरी दुसऱ्या भागाच्या कामी लावण्याची ही विद्या आता कोणाला नवलाची वाटत नाही. याच दिल्लीच्या पूर्व टोकाला, शाहदऱ्याच्या नंदनगरीत, लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे. ताहिरपूरची कुष्ठपीडितांची मोठी वसाहत तेथून जवळच आहे. कुष्ठरोगाने ज्यांची बोटे आत वळली, ज्यांचे पाऊल लोंबू लागले, त्यांच्यासाठी तेथे हीच कंडरांची विद्या वापरली जाते. अमरावती जिल्ह्यातील कोठारा येथील मिशनचे रुग्णालय ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे काम अपरिचित नसेल. त्याचा पाया घालणाऱ्यांत डॉ. पॉल ब्रँड हे अग्रणी होते.

पॉल विल्सन ब्रँड यांचा जन्म 17 जुलै 1914 रोजी तामिळ प्रदेशातील कोल्ली डोंगरावर झाला. वडील जेसी व आई एव्हलिन हे तेथे मिशनरी होते. वडील घरे बांधीत, सुतारकाम शिकवीत आणि रोग्यांवर उपचारही करीत. एकदा तीन कुष्ठरोगी त्यांच्या दारी आले. एरवी उघड्या हातांनी कोणाच्याही जखमा धुणाऱ्या वडिलांनी त्या दिवशी हातमोजे घातले, आणि पाहुणे गेल्यावर ते बसले होते त्या जागी मुलांनी खेळू नये अशी ताकीद मिळाली. जिथे एवढे प्रेम होते त्या घरातही हे भय होते. मुलाच्या मनात ते खोल रुतून बसले.

1923 मध्ये नऊ वर्षांच्या पॉलला बहिणीसह शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले. वडिलांची व त्याची पुन्हा भेट झाली नाही. 1929 मध्ये जेसी ब्रँड डोंगरावरच तापाने वारले. मुलाला वैद्यकाची गोडी नव्हती, उलट रक्त व पू यांची किळसच होती. म्हणून तो बांधकामाच्या धंद्यात शिरला आणि कित्येक वर्षे गवंडी व सुतार यांच्या हाताखाली राबला. पुढे मिशनकार्याची तयारी म्हणून त्याने वैद्यकाचा एक छोटा अभ्यासक्रम घेतला. तेव्हा रुग्णालयात मृतवत झालेल्या एका स्त्रीला रक्त चढविताच तिच्या गालांवर रंग परत आलेला त्याने पाहिला. त्या रात्रीने त्याची दिशा बदलली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात तो डॉक्टर झाला, आणि महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत चिरडलेले हातपाय जोडता जोडता शल्यवैद्य झाला. 1943 मध्ये त्याचा विवाह सहाध्यायी मार्गारेट बेरी यांच्याशी झाला. पुढे नेत्रवैद्य म्हणून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या डोळ्यांसाठी जे केले त्याची कथा स्वतंत्रपणे सांगावी अशी आहे.

1946 मध्ये डॉ. ब्रँड वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. पुढच्याच वर्षी चिंगलपेटच्या कुष्ठधामाचे डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्यांना आपले रोगी दाखविले. आकड्यांसारखी वळलेली बोटे, झडलेली टोके, तळपायांवरील भोके. या हातांवर कोणा अस्थिशल्यवैद्याने कधी अभ्यास केला आहे काय, असे ब्रँड यांनी विचारले. फारसा कोणी केलेला नव्हता. त्यांनी एका रोग्याला आपला हात धरून दाबावयास सांगितले. पंजा झालेल्या त्या हाताने इतका घट्ट दाब दिला की नखे रुतली. हात निकामी दिसत होता, परंतु त्यातील काही स्नायू पूर्ण बलवान होते! वाचकहो, पुढील सर्व संशोधन या एका हस्तांदोलनातून निघाले.

मृत रोग्यांच्या देहांचे विच्छेदन करता असे दिसले की मज्जातंतू सर्वत्र सारखे बिघडत नाहीत. कोपर व मनगट यांच्याजवळ, जेथे ते त्वचेच्या अगदी खाली येतात, तेथे ते सुजतात. त्या जागेच्या वरच ज्या स्नायूंना शाखा मिळालेल्या असतात ते शाबूत राहतात. म्हणजे उसने घेण्यास निरोगी स्नायू हाताशी होते. बोटांना वाकविणारी एक कंडरा सोडवून, तिचे चार भाग करून, ती बोटे सरळ करणाऱ्या निकामी स्नायूंच्या जागी शिवण्याची रीत अन्य रोग्यांकरिता आधीच ठाऊक होती. ती ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांवर चालविली आणि नंतर सुधारली. मनगटाचा एक बलवान स्नायू घ्यावा आणि त्याची लांबी अपुरी पडते म्हणून पायातून एक बारीक कंडरा काढून त्याला जोडावी, अशी ही नवी रीत होती. ही कंडरा गुडघ्याच्या मागून निघून टाचेपर्यंत जाते, आणि ती काढल्याने चालण्यात काही उणे पडत नाही. लोंबणाऱ्या पावलासाठीही पोटरीतील स्नायूची कंडरा पुढे आणून बसविण्यात येई.

आरंभी या रोग्यांना सामान्य रुग्णालयात खाटा मिळत ना. मातीच्या भिंतींच्या एका साठवणीच्या खोलीत काम सुरू झाले. शस्त्रक्रिया यशस्वी होऊ लागल्या तेव्हा एक वेगळेच दुःख पुढे आले. बोटे सरळ झालेला रोगी परत येऊन सांगे की आता भीक कमी मिळते, आणि कुष्ठाचे डाग असल्यामुळे काम तर कोणी देतच नाही. हात दुरुस्त करून माणूस दुरुस्त होत नाही, हे ब्रँड यांना येथे उमगले. 1951 मध्ये वेल्लोरला नवजीवन केंद्र उभे राहिले. रोगी तेथे सुतारकाम शिकू लागले आणि शिकविणारे होते स्वतः शल्यवैद्य! तरुणपणीची ती वर्षे वाया गेली असे ज्यांना वाटले असेल त्यांनी हा पटाशी व रंध्याचा वर्ग पाहावयास हवा होता.

याच केंद्रात त्यांचा सर्वांत मोठा शोध पक्का झाला. कुष्ठरोगाने मांस सडते व बोटे आपोआप झडतात असे डॉक्टरही मानीत. ब्रँड यांनी प्रत्येक मुलाच्या प्रत्येक जखमेचे कारण शोधावयास आरंभ केला. गरम भांडे उचलले. हत्याराची मूठ तासन्तास आवळून धरली. एक मुलगा, गंजलेले कुलूप कोणाला उघडेना तेव्हा, बोट हाडापर्यंत कापले तरी किल्ली फिरवीत राहिला. काहींची बोटे रात्रीतून नाहीशी होत. पहारा ठेवला तेव्हा कळले की झोपलेल्या मुलांची बोटे उंदीर कुरतडीत होते, आणि मूल जागे होत नव्हते. तेव्हापासून मुलांच्या झोपण्याच्या जागी मांजरे पाळण्यात आली. रोग बोटे खात नाही. वेदना नाहीशी झाल्यामुळे माणूस स्वतःच नकळत त्यांचा नाश करतो.

पायांबाबतही हेच. पावलातील लहान हाड मोडले की तुम्ही आम्ही लंगडू लागतो, आणि ते लंगडणेच हाडाला सांधू देते. वेदना न कळणारा माणूस मोडलेल्या हाडावर मैलोगणती चालतो. सांधे भुगा होतात, पाऊल बसते. परंतु त्याच पायाला प्लास्टरमध्ये विश्रांती दिली तर त्याच्या जखमा इतर कोणाच्याही जखमांसारख्याच भरून येतात, असे ब्रँड यांनी दाखवून दिले. मऊ रबराचे तळवे आणि चालताना डुलणारी पादत्राणे यांवर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेइतकाच वेळ घालविला.

एकदा अमेरिकेहून इंग्लंडला परतल्यावर, दीर्घ प्रवासानंतर मोजा काढताना त्यांना आपल्या टाचेत संवेदनाच नसल्याचे जाणवले. टाचणी टोचली, तरी काही कळेना. आपल्याला कुष्ठरोग झाला असे समजून त्यांनी ती रात्र जागून काढली. सकाळी पुन्हा टोचली आणि ते कळवळले. प्रवासात नस दबली होती, एवढेच. त्या कळीबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले.

त्यांच्या सहकाऱ्यांपैकी डॉ. मेरी व्हर्गीस यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. 1954 च्या मोटार अपघातात त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले. चाकांच्या खुर्चीत बसून हातांच्या शस्त्रक्रिया करता येतील, हे ब्रँड यांनी त्यांना सुचविले. त्या तशा करू लागल्या आणि पुढे त्यांनी वेल्लोरला अपंगांच्या पुनर्वसनाचा विभाग उभारला.

1960 मध्ये ब्रँड यांना लास्कर पारितोषिक मिळाले. 1966 मध्ये ते अमेरिकेत लुइझियाना राज्यातील कार्व्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तेथे त्यांनी कृत्रिम वेदना निर्माण करण्याचा प्रयत्न केला. हातमोज्यांत व मोज्यांत दाब मोजणारी यंत्रे बसविली. दाब वाढला की कानात आवाज होई आणि पुढे शरीराच्या दुसऱ्या भागाला विजेचा झटकाही बसे. परंतु आवाजाकडे लोक दुर्लक्ष करीत, आणि झटका बसणार असे वाटले की यंत्रच बंद करून काम उरकीत. खरी वेदना बंद करता येत नाही, हेच तिचे बळ आहे, हे ओळखून त्यांनी तो प्रयोग सोडून दिला. कार्व्हिलमधील प्लास्टर व पादत्राणांची विद्या मात्र मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या लोकांच्या कामी आली. दिल्लीपासून नागपूरपर्यंत अशा रोग्यांची आज कमतरता नाही.

निवृत्तीनंतर ते सिॲटल येथे राहू लागले. 8 जुलै 2003 रोजी, एकोणनव्वदाव्या वाढदिवसाला नऊ दिवस उरले असता, त्यांचे निधन झाले. त्यांची आई एव्हलिन ब्रँड म्हातारपणी मिशनच्या निवृत्तीचा नियम मागे टाकून डोंगरदऱ्यांतील खेड्यांत फिरत राहिल्या होत्या आणि 1974 मध्ये भारतातच वारल्या.