कोशकार मोल्सवर्थ

जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ सालीं झाला. लहान वयांतच ते कंपनी सरकारच्या सैन्यांत अधिकारी होऊन हिंदुस्थानांत आले. येथें मराठी शिकतां शिकतां शब्द टिपून ठेवण्याचा त्यांस छंदच जडला. पुढें सरकारच्या आश्रयानें, शास्त्रीमंडळींच्या व कँडी बंधूंच्या साहाय्यानें त्यांनीं कोश रचिला. तो १८३१ सालीं मुंबईस प्रसिद्ध झाला.

शब्द जमविणें कठीण खरें. पण ते ओळीनें लावणें त्याहून कठीण, आणि या श्रमाची आठवण फारसें कोणी ठेवीत नाहीं. अमरकोशांत शब्द विषयवार आहेत; ज्यास तो मुखोद्गत असेल त्यासच ते चटकन सांपडावयाचे. वर्णानुक्रमाच्या कोशांत शब्द अनोळखी माणसासही सांपडला पाहिजे. ‘किडा’ या शब्दांत डोळ्यांस आधीं वेलांटी दिसते. तरी त्याचें स्थान ‘काडी’नंतर व ‘कीड’पूर्वीं. ‘क्रम’ तर ‘कौल’च्याही पुढें! अनुस्वार कोठें धरावा, ‘क्ष’ हा ‘क’खालीं घ्यावा कीं ‘ह’नंतर, हें एकदां ठरवून हजारों शब्दांस सारखेंच लावावयाचें. एक शब्द जागा चुकला, कीं तो कोशांत असून नसल्यासारखाच.

सैनिकाचा पेशा धर्मबुद्धीस पटेना म्हणून मोल्सवर्थ यांनीं तो सोडिला. त्यांचा इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडी यांनीं १८४७ सालीं पुरा केला. मराठी कोशाची दुसरी आवृत्ति स्वतः मोल्सवर्थ यांनींच सिद्ध करून १८५७ सालीं काढिली. पहिलींत सुमारें ४०,००० शब्द होते, दुसरींत सुमारें ६०,०००. आणि नवा प्रत्येक शब्द जुन्या दोहोंच्या मधें बसवावा लागला. ते १८७१ सालीं वारले. पुण्यांत १९७५ सालीं हा कोश पुन्हां छापण्यांत आला.